धेनुकाकटाचा पत्ता

धेनुकाकट या गावाचा पत्ता मी गेली चाळीस वर्षे शोधतो आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. धायरीच्या बौद्धवाड्यात जन्मलो, तिथेच वाढलो, आणि म्हातारपणही तिथेच चालले आहे. तेव्हा या लेखात पंडिती अधिकाराने मी काही सांगतो आहे असा समज वाचकांनी करून घेऊ नये. पण एका गावाचे नाव माझ्या मनात रुतून बसले आहे, आणि ते का रुतले हे सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

कार्ल्याचे लेणे मी प्रथम पाहिले ते १९७४ साली, शाळेच्या सहलीबरोबर. आदल्या रात्री आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "जा बाबा, बघून ये. पांडवांनी येका रात्रीत खोदली हायती ती. कोंबडा आरवला म्हनून ऱ्हायली तशीच." सहलीबरोबर आलेल्या गुरुजींनीही दुसऱ्या दिवशी थोड्या शुद्ध भाषेत हेच सांगितले. आजीला अक्षरओळख नव्हती, गुरुजींना होती, फरक एवढाच. माझा आजा मात्र तेथे नव्हता. तो असता तर बोलला असता, कारण २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली तेव्हा तो गर्दीत उभा होता. खडकीच्या कारखान्यातल्या सोबत्यांबरोबर सायकलवर गेला होता. 'हा आपला देव नाही, आपला माणूस आहे' असे तो त्या मूर्तीविषयी म्हणे. लेणी पांडवांची नसून भिक्खूंची आहेत हे मला त्याच्याकडूनच कळले असते, पण तो त्याआधी दोन वर्षे गेला.

पुढे नोकरी लागल्यावर एका निवृत्त गृहस्थांकडे रविवारी ब्राह्मी लिपी शिकलो. ती अवघड नाही. ज्याला बाराखडी येते त्याला सहा महिन्यांत येते; मग शिलालेख वाचणे ही मूठभर लोकांची मिरासदारी का राहिली, हे एक कोडेच आहे. असो. एका रविवारी लोकलने मळवलीला उतरलो, वेहेरगावच्या पायऱ्या चढलो आणि चैत्यगृहातल्या खांबासमोर वहीतला तक्ता धरून उभा राहिलो. अक्षर अक्षर लावत जे पहिले सलग नाव मला वाचता आले ते 'धेनुकाकटा'. शेजारच्या खांबाकडे वळलो, तिथेही तेच. पुढच्या एका खांबावर पुन्हा तेच.

कार्ल्याचे चैत्यगृह म्हणजे १२४ फूट लांब, साडेशेहेचाळीस फूट रुंद आणि ४५ फूट उंच असे दगडाचे पोट आहे. आत ३७ खांब. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले हे काम, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने 'जंबुद्वीपातले उत्तम शैलगृह' पुरे केले, असा लेख ओसरीत आहे. शाळेच्या पुस्तकांत शेठ भूतपालाचे नाव येते. पण आत गेल्यावर दिसते ते असे की शेठजींनी पुरे केले म्हणून लेणे एकट्या शेठजींचे नव्हे. एकेक खांब एकेकाने दिलेला आहे. देणाऱ्याने आपले नाव, बहुधा धंदा आणि गाव कोरून घेतले आहे. आणि त्यांत डझनाहून अधिक माणसे एकाच गावची आहेत. ते गाव धेनुकाकट.

ही माणसे कोण? सिहदत हा गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. सामी हा सुतार; त्याने दरवाजाचे काम केले. मिलिंद नावाचा एक वैद्य, बायकामुलांसह. वाण्यांचा एक समुदाय. सोमिलनक, मितदेवनक अशी काही नावे, ज्यांच्याकडे मी पुढे वळणार आहे. आणि अर्ध्या डझनाहून अधिक यवन: सिहधय, धम्म, यसवधन असे. यवन म्हणजे मूळ अर्थाने ग्रीक. आयोनियाचे ते योन, योनाचे यवन. एका खांबाच्या माथ्यावर माणसाचे तोंड आणि सिंहाचे अंग असलेली आकृती आहे. ती ग्रीकांच्या स्फिंक्सची जात आहे हे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दाखवून दिले.

आता, ज्या गावाने जंबुद्वीपातल्या उत्तम शैलगृहाला इतके खांब दिले, ते गाव कुठे होते? याचे सर्वमान्य उत्तर आजपर्यंत मिळालेले नाही.

जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली पश्चिम भारतातल्या लेण्यांचे शिलालेख छापले. पुढे एमिल सेनार या फ्रेंच पंडिताने ते पुन्हा तपासले, आणि १९२० नंतरच्या दशकात माधो सरूप वत्स यांनी कार्ल्यातलेच, पण आधीच्यांच्या नजरेतून सुटलेले, आणखी लेख प्रसिद्ध केले. त्यांतही धेनुकाकट भरभरून आहे. तेव्हापासून पत्ता शोधण्याचे काम चालू आहे. कोणी म्हणाले, हे आंध्रातले धरणीकोट, अमरावतीच्या स्तूपाजवळचे. पण तिथले जुने नाव धान्यकटक. 'धेनुका' आणि 'धान्य' यांचा कान जुळतो म्हणून गावे जुळत नाहीत. शिवाय शेकडो कोसांवरून सुतार येऊन दरवाजा करतो हे शक्य असले तरी, त्याच्यामागून गंधी, वैद्य, वाणी आणि यवन असे अर्धे गाव लोटते हे पटत नाही. कोणी समुद्रकाठचे डहाणू सुचवले. बंदर असल्याने यवनांचा प्रश्न सुटतो खरा, पण डहाणूकरांना कान्हेरी जवळ, कार्ले लांब.

कोसंबींनी १९५५च्या सुमारास या एकाच गावावर स्वतंत्र लेख लिहिला. पुण्यात राहणारा, दररोज डेक्कन क्वीनने मुंबईला जाणारा हा गणिती सुटीच्या दिवशी काठी घेऊन डोंगर तुडवत असे. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर वेचलेली अश्मयुगीन गारगोटीची हत्यारे त्याच्या खिशात खुळखुळत. मी गणिताचा मास्तर, म्हणून मला या माणसाविषयी जरा जास्त प्रेम आहे हे कबूल करतो. वडील धर्मानंद कोसंबी यांनी मराठी माणसाला बुद्ध सांगितला, मुलाने त्याला डोंगरातल्या पायवाटा वाचायला शिकवले. त्यांचे म्हणणे असे: धेनुकाकट लांब नाही, लेण्याच्या पायथ्याशी आहे. कार्ल्याजवळचे देवघर हे खेडे तेच धेनुकाकट असावे. बोरघाट चढून आलेला तांडा घाटमाथ्यावर पहिला मुक्काम जिथे टाकील तिथेच व्यापारी वस्ती होणार, तिथेच यवन उतरणार, आणि तिथल्याच लोकांची देणगी लेण्याला सर्वांत जास्त असणार.

हा तर्क मला आवडतो. आवडतो म्हणूनच त्याच्याकडे जास्त संशयाने पाहतो. लेण्यासमोरच राहणारा माणूस 'मी अमुक गावचा' असे मुद्दाम इतक्यांदा कोरून घेईल काय? कान्हेरीच्या लेखांतही धेनुकाकटाचा उल्लेख आहे. म्हणजे तिथली माणसे लांबवरही दान देत होती, मग कार्ल्यातली दाने हा जवळिकीचा पुरावा कसा धरावा? उलट असेही म्हणता येईल की व्यापारी गाव असल्यामुळे त्याचा हात सगळीकडे पोचत होता, पण सुतार, वैद्य आणि शेतकरी यांचा पोचला तो याच खोऱ्यात. माझे मत विचाराल तर पाल्ला कोसंबींच्या बाजूला झुकतो, पण पारडे खाली टेकलेले नाही.

अशी गावे हरवण्यात आपण एकटे नाही. अफगाणिस्तानात आमू नदीच्या काठी आय-खानूम येथे १९६४ पासून १९७८ पर्यंत फ्रेंच संशोधकांनी उत्खनन केले, तेव्हा एक अख्खे ग्रीक नगर वर आले. व्यायामशाळा, नाट्यगृह, मोठे देऊळ, त्या देवळातल्या प्रचंड मूर्तीचे चप्पल घातलेले पाऊल. सगळे सापडले, पण नगराचे मूळ नाव कोणते यावर अजून वाद आहे. तिथे गाव आहे, नाव नाही. इथे नाव आहे, गाव नाही. आपल्याकडे तगराचे तसेच होते. ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणाच्या जोडीने तगर ही मोठी बाजारपेठ येते. कोणी ती देवगिरीला नेली, कोणी जुन्नरला. शेवटी १९०१ साली फ्लीटने ती धाराशिवकडच्या तेर गावी नेऊन ठेवली आणि वाद मिटला. तेव्हा धेनुकाकटाचाही मिटेल. प्रश्न मला वेगळा वाटतो. तगरासाठी जेवढी शाई खर्च झाली तेवढी या सुतार-वैद्यांच्या गावासाठी का झाली नाही?

यवनांविषयी थोडे. ग्रीकांचे नाव डिमिट्रियस, मिनँडर असे असायचे; मग सिहधय आणि धम्म कसे? टार्न या इंग्रज इतिहासकाराने १९३८ साली असा तोडगा काढला की ही माणसे मुळात हिंदीच, पण एखाद्या ग्रीक नगराचे नागरिकत्व मिळालेली. मला हे उलटे वाटते. परक्याने इथला धम्म घेतला आणि नाव बदलले, ही साधी गोष्ट पटायला इतकी जड का जावी? १९५६ नंतर आमच्या वाड्यात कचरू आणि धोंडू यांच्या पोटी राहुल, आनंद आणि सुजाता जन्माला आली, ती काय कुठल्या परकीय नगराचे नागरिकत्व मिळवून? नाशिकच्या पांडवलेण्यात (हे नाव मी नाइलाजाने लिहितो) इंद्राग्निदत्त नावाचा एक यवन आहे, बापाचे नाव धम्मदेव. उत्तरेकडच्या दात्तामित्री नगरातून आलेला. बापाच्या नावात धम्म आणि मुलाच्या नावात इंद्र-अग्नी! धर्मांतरित घरांतल्या नावांची ओढाताण ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

आणि धेनुकाकटाच्या त्या वैद्याचे नाव मिलिंद. मिनँडर राजाचे पाली रूप तेच, नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्याचे. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाला पुढे हेच नाव मिळाले. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव, उत्तर देणाऱ्याचे नव्हे. माझा धाकटा भाऊ तिथे शिकला. मावळातल्या एका वैद्याने त्याच्याआधी एकोणीसशे वर्षे हे नाव धारण केले होते, हे मी त्याला पत्राने कळवले तेव्हा त्याने उत्तर लिहिले, "दादा, त्या वैद्याची फी किती होती तेवढे पाहा."

पण या यवनांना ब्राह्मणी व्यवस्था काय म्हणत होती? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात यवन आणि शक हे क्रियालोपामुळे व ब्राह्मणांच्या अदर्शनामुळे वृषलत्वाला गेलेले क्षत्रिय म्हटले आहेत. त्याहून बोलका आहे पतंजली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा वैयाकरण पाणिनीच्या एका सूत्रावर लिहिताना शूद्रांची दोन गटांत वाटणी करतो. प्रश्न काय, तर समास एकवचनी करायचा की नाही! कसोटी मात्र भांड्याची आहे. ज्यांनी जेवलेले भांडे घासूनपुसून, संस्कार करून पुन्हा वापरता येते ते एका बाजूला. ज्यांनी जेवलेले भांडे काही केले तरी शुद्ध होत नाही ते दुसऱ्या बाजूला. शक, यवन, सुतार, लोहार, धोबी, विणकर हे पहिल्या गटात. चांडाळ आणि मृतप दुसऱ्यात. व्याकरणाच्या ग्रंथात, समासाच्या चर्चेत, इतक्या सहज हे येते. मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आमच्या आजीला वरच्या आळीत चहा मिळे तो वेगळ्या कपातून. तो कप वळचणीला उपडा ठेवलेला असे, आणि तो तिने स्वतः विसळून परत ठेवायचा असे. कपाची व्युत्पत्ती मला त्या दिवशी सापडली.

म्हणजे पतंजलीच्या हिशेबाने धेनुकाकटाचा सामी सुतार आणि धेनुकाकटाचा सिहधय यवन हे एकाच पंक्तीतले. भांडे घासून घेण्याच्या लायकीचे. आता कार्ल्याच्या दगडात पाहा. तिथेही ते एकाच पंक्तीत आहेत, पण ती पंक्ती खांबांची आहे. जुन्नरच्या लेण्यांत तर याहून नेमके उत्तर आहे. तिथे चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला आहे. ज्याच्या उष्ट्या भांड्याची चिकित्सा व्याकरणात चालली होती, त्याने बांधलेल्या जागेत भिक्खू रोज जेवत होते. आणि इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने दोन पोढी दिल्या आहेत. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. त्या पाण्याला कोणी विटाळ मानला नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर जे पाणी ओंजळीत घेण्यासाठी आपल्या माणसांना जावे लागले, त्या महाडापासून जुन्नर किती लांब आहे?

मात्र इथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. यवन, सुतार, गंधी, वाणी सगळे दिसतात. पतंजलीच्या दुसऱ्या गटातला कोणी या खांबांवर स्वतःच्या नावाने दिसतो का? 'चांडाळ' असा शब्द कोरून कोणी दान दिल्याचे माझ्या वाचनात नाही. संघाने त्यांना नाकारले असे यातून निघत नाही. सोपाक आणि सुनीत यांची कथा आपल्याला ठाऊक आहे. पण खांब द्यायला गाठीला पैसा लागतो. लेणी कोरली कोणी, छिन्नीने दगड कोणी फोडला, याचा लेख नाही. त्या काळाचे गुणगान करताना आपल्या काही मित्रांना ही अडचण नकोशी वाटते. मला ती लपवावीशी वाटत नाही.

आता त्या 'नक' शेपटाकडे वळतो. या लेखाचे खरे कारण ते आहे.

कार्ल्यापासून पूर्वेला, तळेगाव आणि देहूरोड यांच्या दरम्यान शेलारवाडीची लेणी आहेत. बेगडेवाडी स्टेशनावर उतरून डोंगर चढावा लागतो. माझा आजा १९५४ साली जिथे उभा होता तिथून ती पायी जाण्याजोग्या अंतरावर आहेत. पण आजा तिकडे गेला नाही, कारण तिथे काय आहे हे सांगणारा कोणी नव्हता. तिथल्या एका लेण्याच्या लेखात धेनुकाकट पुन्हा येते. धेनुकाकटात राहणारा हलकीय कुडुबिक उसभनक, त्याची बायको सियगुतनिका, तिने आपला मुलगा नंद याच्यासह हे लेणे धर्मदान दिले. 'हलकीय' म्हणजे नांगर धरणारा, असा अर्थ लावतात. म्हणजे एका नांगऱ्याच्या बायकोने डोंगरात लेणे दिले आहे. राजाची राणी नव्हे, शेठाणी नव्हे. दात्री ती आहे. नवऱ्याचे नाव ओळखीपुरते.

'कुडुबिक' हा शब्द आपल्या कानाला अनोळखी नाही. कुणबी हा शब्द कुटुंबिकापासून आला असे भाषेचे जाणकार सांगतात. आणि 'उसभनक' मधला 'नक'? सिदनाक, रायनाक, शिवनाक ही नावे आमच्या घराण्यांच्या जुन्या कागदांत आहेत. १७९५ सालच्या खर्ड्याच्या लढाईतला सिदनाक सर्वांना माहीत आहे. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ रोजी कामी आलेल्या महार शिपायांच्या नावांची रांग पाहा: शेवटी नाक, नाक, नाक. माझ्या आज्याच्या आज्याचे नावही तसेच होते. पुढे कोणी तरी शाळेत नाव घालताना ते खोडून टाकले. खेड्यात ते शेपूट म्हणजे जात ओळखण्याची खूण झाली होती.

माझ्यासारख्याला पहिला मोह काय झाला असेल ते सांगायला नको. उसभनक, सोमिलनक, मितदेवनक: धेनुकाकट हे आमचेच गाव, असे म्हणून मी मोकळा होणार होतो. तसा एक लेख लिहिलाही होता. पाठवला नाही हे बरे झाले. कारण कार्ल्याच्या दारासमोर उभा असलेला जो सिंहस्तंभ आहे, त्याचा दाता आहे महारठी गोतिपुत्र अग्निमित्रनक. महारठी म्हणजे सातवाहन काळातला मोठा सरदार. त्याच्याही नावात 'नक'. म्हणजे त्या काळी हे शेपूट एका जातीचे नव्हते. सरदाराच्या नावाला होते, नांगऱ्याच्या नावाला होते. बहुधा आदरार्थी प्रत्यय असावा, आपण 'राव' लावतो तसा.

म्हणून मग माझा दावा संपला काय? मला वाटते, इथे तो सुरू होतो. एकच प्रत्यय पहिल्या शतकात महारठीला आणि कुडुबिकाला लागतो. अठराव्या शतकात तो फक्त गावकुसाबाहेरच्या माणसाला लागलेला दिसतो. हा प्रत्यय तोच असेल तर (मी 'असेल तर' म्हणतो, कारण मधल्या शतकांचा पूल मला बांधता आलेला नाही), वर चढलेल्यांनी तो टाकून दिला आणि खाली ढकललेल्यांकडे तो राहिला असे म्हणावे लागेल. अंगरखा वापरून जुना झाला की बलुतेदाराला देतात, तसे एक मानाचे शेपूट जुने होऊन आमच्याकडे आले काय? उसभनकाच्या एका नावात 'कुडुबिक' आणि 'नक' एकत्र आहेत. आज एक शब्द कुणब्याच्या घरात आहे, दुसरा महाराच्या. मधली भिंत पहिल्या शतकात नव्हती, एवढे तरी तो दगड सांगतो.

बाबासाहेबांनी १९४८च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात, जिथे साखळीचे दुवे तुटलेले असतील तिथे इतिहासकाराने कल्पनेचा आणि गृहीतकाचा आधार घ्यावा, हा हक्क प्रस्तावनेतच मागून घेतला आहे. आणि तो घेताना, इथे पुरावा आहे व इथे तर्क आहे, हे सांगण्याची शिस्तही पाळली आहे. आपल्यातले पुष्कळ जण हक्क घेतात, शिस्त विसरतात. दुसऱ्या बाजूला विद्यापीठी मंडळी अशी की, कान जुळतो म्हणून धेनुकाकटाला आंध्रात नेऊन ठेवलेले त्यांना चालते. आम्ही 'नक' आणि 'नाक' यांचा कान जुळवला की मात्र ती भावनाविवशता ठरते. एकदा एका चर्चासत्रात हे मांडले तेव्हा एक विद्वान हसून म्हणाले, "गुरुजी, असे नाक खुपसू नये." सगळे हसले. मीही हसलो. कोटी चांगली होती.

आता धायरीविषयी, कारण धेनुकाकट हे मला माझ्याच वाड्यावरून समजले. २०१७ साली आमचे गाव पुणे महापालिकेत पुरते गेले. सिंहगड रस्त्याच्या फाट्यापासून आत येईपर्यंत आता दोन्ही बाजूंना इमारतींच्या भिंती आहेत. मागच्या वर्षी माझ्या नातीला शाळेसाठी 'आपल्या गावाचा नकाशा' काढायचा होता. ती मला घेऊन निघाली. म्हणाली, "आजोबा, तुमचं जुनं घर कुठं होतं ते दाखवा." मी धारेश्वराच्या टेकडीकडे पाठ करून उभा राहिलो, चिंचेचे झाड कुठे होते ते आठवले, त्यावरून विहीर, विहिरीवरून तक्क्या, तक्क्यावरून घर असा हिशेब लावला, तर घर एका सोसायटीच्या वाहनतळाखाली आले. वाहनतळाच्या रखवालदाराला विचारले, "इथं पूर्वी वस्ती होती, ठाऊक आहे का?" तो मराठवाड्यातला, चार महिन्यांपूर्वी आलेला. म्हणाला, "नाही काका, इथं पहिल्यापासून पार्किंगच आहे."

वतनाची जमीन आमच्या भावकीकडे होती. १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, जमीन नावावर करून घेण्याचे हेलपाटे आज्याने घातले, ते पुरे झाले नाहीत; तिची पुढे काय वाट लागली ती सांगत बसत नाही. सांगायचे एवढेच की चाळीस-पन्नास वर्षांत, माझ्या डोळ्यांदेखत, एक वस्ती नाव घेऊन उभी राहिली आणि जागा हरवून बसली. मतदारयादीत अजून 'बौद्धवाडा' लिहिलेले असते. नाव आहे, गाव नाही. एकोणीसशे वर्षांनी कोणी यादी वाचील आणि तर्क करील, की हे ठिकाण बहुधा आंध्रात असावे.

नातीने नकाशात वाहनतळाच्या चौकोनावर लाल पेन्सिलीने घर काढले. शाळेत ते चूक धरले गेले की बरोबर, हे मी विचारले नाही.

यंदा माघ पौर्णिमेला मी तिला कार्ल्याला घेऊन गेलो. एकवीरेच्या दर्शनाची रांग ओलांडून आत शिरलो. कोळी बायका नटूनथटून आल्या होत्या, एकीने नातीच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. चैत्यगृहात तशी शांतताच होती. मी तिला खांब दाखवला आणि अक्षरांवर हवेतून बोट फिरवत वाचून दाखवले: 'धे, नु, का, क, टा'. तिने विचारले, "हे गाव कुठंय?" मी म्हणालो, "खाली उतरल्यावर दाखवतो."

उतरून आम्ही देवघरच्या रस्त्याला लागलो. कोसंबी म्हणतात ते खरे असेल तर तेच, नसेल तर एक साधे मावळातले खेडे. भाताची खाचरे वाळली होती. बांधावर एक बाई शेणी थापत होत्या. नात त्यांच्याजवळ गेली आणि सरळ विचारले, "मावशी, धेनुकाकट हेच का?"

त्या म्हणाल्या, "कुणाच्या घरला जायचंय?"

नातीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "उसभनकाच्या."

बाई हात तसेच धरून क्षणभर विचार करीत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या नावाचं आता हितं कुनी ऱ्हात न्हाई. पर वरल्या आळीत येका म्हाताऱ्याला इचारा. त्याला जुनं समदं ठावं हाय."

आम्ही वरल्या आळीकडे निघालो.